रिकामं राहण्यासाठी बांधलेलं धरण

ओळख पटेल असं सगळं या लेखनातून काढून टाकलं आहे. मापं पूर्णांकाच्या जवळपास आणली आहेत. या प्रकरणात मी सल्लागार होतो आणि माझ्याही एक-दोन चुका यात आहेत. त्या जागच्या जागी लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

धरण म्हटलं की भरलेलं पाणी डोळ्यांसमोर येतं. हे धरण मात्र रिकामं राहावं म्हणूनच बांधलेलं. ओढ्यावर आडवा मातीचा भराव आणि तळाशी कायम उघडी मोरी. रोजचं पाणी मोरीतून निघून जायचं. मोठा पाऊस झाला की येणारं पाणी मोरीला झेपायचं नाही, ते मागे तुंबायचं आणि दीड-दोन दिवसांत उतरायचं. पुराचा शेंडा छाटायचा, एवढंच त्याचं काम.

भरावाची उंची साडेसात मीटर, लांबी १६० मीटर, माथा ३ मीटर रुंद. मोरी ६० सेंटिमीटर व्यासाच्या पन्हळी लोखंडी पाइपची. सांडवा डाव्या टेकाडात मुरूम कापून काढलेला, १२ मीटर रुंद. त्याचा उंबरठा तळापासून ६ मीटरवर आणि तिथपर्यंतचा साठा सुमारे १ लाख ४० हजार घनमीटर. पाणलोट ३.२ चौरस किलोमीटर. त्यावर एका दमात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ४० टक्के वाहून आला, तर १ लाख २८ हजार घनमीटर पाणी येतं. म्हणजे एका जोरदार दिवसात धरण जवळजवळ सांडव्याला टेकतं.

हे धरण दोन भावांच्या मालकीचं. त्यांच्या वडिलांनी पस्तीस वर्षांपूर्वी खालची स्वतःची जमीन वाहून जाऊ नये म्हणून ते बांधलं. तेव्हा खाली फक्त शेतं होती. पुढे शेतांचे तुकडे पडले, विकले गेले. आज तिथे चाळीसेक घरं, एक रस्ता आणि दीड किलोमीटरवर शाळा आहे. पूर येत नाही म्हणून लोक तिथे राहायला आले, आणि पूर येत नव्हता तो या धरणामुळे. एकही दगड न हलता धरणाची जोखीम अशी वाढत गेली. भावांची स्वतःची जमीन आता खाली फारशी उरलेली नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

कागदोपत्री हे धरण कुणाच्याच हिशेबात नव्हतं. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येत १५ मीटर आणि त्यावरचं धरण मोठं. ५ ते १५ मीटरमधलं असेल तर साठा ३० लाख घनमीटरच्या वर लागतो. आमचं धरण या चाळणीतून केव्हाच खाली पडलेलं. नियमित तपासणी नाही, नोंदवही नाही. जुना नकाशा होता, तोही थोरल्या भावाच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला.

अडचण कशी तयार झाली

मोरीच्या तोंडाशी चौकोनी दगडी कुंडी होती. गाळ अडावा म्हणून तिच्या एका बाजूला खाचा ठेवलेल्या, त्यांत लाकडी फळ्या सरकवता येत. वडिलांच्या काळात तळाच्या दोन-तीन फळ्याच असायच्या. धाकट्या भावाने चार वर्षांपूर्वी मासे पाळायचं ठरवलं आणि फळ्या कुंडीच्या माथ्यापर्यंत, म्हणजे ३ मीटरपर्यंत चढवल्या.

थोरल्याने तेव्हा विचारलं होतं, पुराला जागा कमी पडणार नाही का? धाकट्याने केलेला हिशेब चुकीचा नव्हता. खोरं वर पसरत जातं, त्यामुळे निम्म्या उंचीपर्यंतचं पाणी म्हणजे निम्मा साठा नव्हे. ३ मीटरपर्यंत जेमतेम २५ हजार घनमीटर बसतं, एकूण साठ्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. "बाकी सगळं पुरालाच आहे की," असं तो म्हणाला आणि विषय संपला.

चूक साठ्याच्या हिशेबात नव्हतीच. अडचण मातीची होती. हा भराव वर्षातून दोन-चार दिवस पाणी अंगावर घेऊन पुन्हा वाळण्यासाठी बांधलेला. खालच्या बाजूला पाझर वाहून नेणारा वाळूचा थर नाही, पायथ्याला दगडी चर नाही. आता त्याच्या पोटात बारमाही पाणी उभं राहिलं. पाइपच्या सांध्यांवर रोज दाब आला, लोखंड सतत ओल्या मातीत राहिलं, बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी गवत उन्हाळ्यातही हिरवं दिसू लागलं. धाकट्याला ते हिरवं गवत दिसत होतं. गुरांना बरं, असं त्याला वाटलं.

दुसरा परिणाम असा, की धरण रिकामं करायची सोयच गेली. पाण्याखालच्या फळ्या बाहेरून काढता येत नाहीत. पाणी ३ मीटरच्या खाली न्यायचं तर कुंडीत उतरावं लागतं, आणि कुंडीत उतरायचं तर पाणी आधीच खाली असावं लागतं.

पाण्यावरच्या हौसेने धरणाचं मूळ काम मागे पडण्याचं हे पहिलं उदाहरण नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबच्या मालकीचं होतं. आधीच्या मालकाने तळाचे पाणी सोडायचे पाइप काढून विकले होते. क्लबने ते परत बसवले नाहीत, बग्ग्यांसाठी माथा खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ ला ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनच्या परिसरात २,२०९ माणसं गेली. आमच्या प्रकरणाचा आवाका फार लहान, पण पाणी सोडायचा रस्ता बंद करण्याचं कारण दोन्हीकडे ओळखीचं आहे.

ती संध्याकाळ

पाऊस आदल्या रात्रीपासून चालू होता. दुपारी चारला पाणी सांडव्याच्या उंबरठ्यापासून ४० सेंटिमीटर खाली होतं. थोरल्यांचा मला फोन आला पावणेसहाला. मोरी बाहेर पडते तिथे पाइपच्या आतून जोरात पाणी येत होतं, ते तर येणारच. पण पाइपच्या बाहेरून, डाव्या अंगाला, मातीतूनही पाणी येऊ लागलं होतं. राखणदाराने आधी पाहिलं, धाकट्याने लगेच चिकणमातीचे गोळे आणि ताडपत्री आणून ते तोंड दाबून टाकलं. वीस मिनिटांत गळती दोन मीटर वर, उतारावर दुसरीकडे फुटली.

मी पहिली गोष्ट सांगितली, ती माती काढा. त्यांना ते उलटं वाटलं आणि वाटणारच. गळती दिसली की बूच मारावं, ही माणसाची पहिली इच्छा. पण भरावाच्या बाहेरच्या बाजूला बूच मारलं की पाण्याचा दाब आत साठतो आणि ते नवी वाट शोधतं. पाण्याला बाहेर पडू द्यायचं, मात्र सोबत मातीचा कण नेऊ द्यायचा नाही. एवढं एक साधायचं असतं.

दुसरी गोष्ट, काचेच्या ग्लासात ते पाणी धरा आणि पाच मिनिटं ठेवा. ग्लासाच्या तळाशी काही बसलं नाही तर तो पाझर. गाळ बसला तर धरण आतून खाल्लं जात आहे. सवा सहाला पहिल्या ग्लासाचा फोटो आला. पाणी चहासारखं, तळाशी बोटभर नव्हे पण नखभर गाळ. बादली लावून मोजायला सांगितलं. १० लिटरची बादली ९ सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला १.१ लिटर.

इथे पहिला खरा निर्णय होता आणि तो मी लांबवला. खालच्या घरांना उठवायचं का? थोरले म्हणाले, "आपणच ओरडायचं आणि काही झालं नाही तर? उद्या तोंड दाखवायचं कसं?" मी म्हणालो, अजून एक माप घेऊ. सात वाजून दहा मिनिटांनी बादली ७ सेकंदांत. अजून एक घेऊ. आठ वाजता ५ सेकंदांत, सेकंदाला २ लिटर, पाणी विटकरी. तेव्हा मी सांगितलं, आता घरं रिकामी करा. साडेनऊपर्यंत माणसं वरच्या अंगाला हलली.

या पावणेदोन तासांचं समर्थन मला करता येत नाही. अमेरिकेतल्या आयडाहोमधलं टीटन धरण जवळजवळ ९३ मीटर उंचीचं. ५ जून १९७६ ला सकाळी साडेसातच्या आसपास तिथे गढूळ गळती दिसली आणि ११ वाजून ५७ मिनिटांनी माथा कोसळला. साडेचार तास, ९३ मीटरच्या भरावात. साडेसात मीटरच्या भरावात पाण्याला खायला माती किती असणार? गढूळ पहिल्या ग्लासावरच माणसं हलवायला हवी होती. दर वाढतो आहे की नाही, हे मोजणं हलवण्याच्या जोडीने चालू शकलं असतं.

त्या रात्रीचे पर्याय

थोरल्यांचा आग्रह होता, पोकलेन आहे, सांडवा एक मीटरने खणून पातळी उतरवू. मी नको म्हणालो. सांडवा मऊ मुरुमातला होता. ताज्या, उघड्या चरातून पाणी सुटलं की ते तळ खात मागे सरकतं आणि चर स्वतःच खोल होत जातो. आपण सोडलेलं पाणी मग आपल्या हातात राहत नाही. एका मुद्द्यावर मात्र थोरले बरोबर होते: पातळी उतरवणं हाच खरा इलाज, बाकी सगळं तोपर्यंत वेळ काढणं.

पातळी उतरवायला मोरी होतीच. पूर्ण भरून वाहताना ती सेकंदाला साधारण एक-सव्वा घनमीटर पाणी नेत होती. पाऊस सातला थांबला. वरून येणारं पाणी कमी झालं की धरण आपोआप उतरणार होतं, पण दुसऱ्या रात्रीपर्यंत वेळ लागणार होता. पंप लावायचे का? चांगला डिझेल पंप सेकंदाला २५ लिटर देतो. चार पंप लावले तरी मोरीच्या दहाव्या हिश्शाइतकंही काम होत नव्हतं. त्या धावपळीत ते डोक्यातून काढून टाकलं.

राहिला उलटा फिल्टर. गळतीच्या तोंडावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी. वाळू मातीचे कण अडवते, खडी वाळूला धरून ठेवते, वरचा दगड सगळ्याला वजन देतो. याच्या मागचा नियम मृदा-अभियंते टेर्झागी यांचा: फिल्टरमधला १५ टक्क्यांच्या रेषेवरचा कण (ज्याहून बारीक कण वजनाने १५ टक्के असतात तो) मातीतल्या ८५ टक्क्यांच्या रेषेवरच्या कणाच्या चार पटींहून मोठा नको. रात्री नऊ वाजता ओढ्याकाठी चाळण्या कुणाकडे असतात? जवळच्या बांधकामावरची धुतलेली वाळू आणि दोन मापांची खडी मिळाली, तीच वापरली.

नेमकं काय केलं

पहिली दहा पाट्या वाळू टाकली तशी वाहून गेली. पाण्याचा झोत तिला टिकू देत नव्हता. मग क्रम बदलला. आधी मुठीएवढे दगड आणि मोठी खडी टाकून झोत मोडला, पाणी पसरलं. मग त्याच्यावर बारीक खडी, मग वाळू, आणि पुन्हा वर खडी. त्याभोवती गोण्यांचं हातभर उंचीचं कडं केलं. आतलं पाणी तेवढं चढलं की उलटा दाब तयार होतो आणि झोताचा जोर उतरतो. गोण्या छातीपर्यंत रचायचा उत्साह लोकांना होता, तो आवरावा लागला. कडं फार उंच केलं की गळती पुन्हा दुसरीकडे फुटते, हे त्यांनी संध्याकाळी स्वतःच पाहिलं होतं.

उतारावरच्या दुसऱ्या तोंडावरही तसंच केलं. अकराच्या सुमाराला ग्लासातलं पाणी पिवळट झालं, एकला जवळजवळ नितळ. गळती थांबलेली नव्हती, दर तेवढाच होता. पण माती येणं थांबलं होतं आणि मला तेवढंच हवं होतं. बादली धरायला धाकटा बसला होता. दर अर्ध्या तासाला तो आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा. त्या रात्रीत मासे हा शब्द कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पाणी ३ मीटरवर आलं आणि तिथे अडलं. फळ्या! एक पोहणारा मुलगा म्हणाला, मी बुडी मारून वरची सोडून खालची फळी ओढतो. त्याला मी हिशेब सांगितला. मीटरभर लांब, १५ सेंटिमीटर रुंद फळी अडीच मीटर खोल असेल तर तिच्यावर पावणेचारशे किलोंच्या आसपास दाब असतो. ती हलणार नाही, आणि हलली तर फटीत हात-पाय ओढला जाईल. बुडी रद्द. सांडव्यावरून १६ सेंटिमीटर व्यासाचे दोन पाइप टाकून वक्रनळी चालू केली. माथ्यावरून टाकले असते तर शेवटी सात मीटरवर पाणी उचलावं लागलं असतं, आणि वक्रनळी व्यवहारात तिथेच दम तोडते. सांडव्यावरून साडेपाच मीटरमध्ये भागलं. तळ दिसायला पाच दिवस लागले.

तळ दिसल्यावर जे दिसलं त्याने आम्ही सगळे गप्प झालो. पाण्याकडच्या उतारावर, बरोबर पाइपच्या रेषेत, दीड मीटर रुंदीचा खड्डा पडला होता. काठी घातली तर ती पाइपला जाऊन लागली.

पाइपमध्ये कॅमेरा घातला. तळाचा पत्रा कित्येक ठिकाणी गंजून नाहीसा झालेला, दोन सांधे उघडे. पाइप भरून वाहताना त्या भोकांतून पाणी भरावात शिरायचं आणि पाइपच्या बाहेरच्या अंगाने माती घेऊन पायथ्याशी निघायचं. त्यात गोल पाइपच्या पोटाखाली माती कधीच नीट दाबता येत नाही. रोलर तिथे पोचत नाही, हाताची कुटाई अर्धवट राहते. जुन्या नकाशात पाइपला काँक्रीटच्या तीन कॉलर, म्हणजे पाइपभोवती बसवलेल्या रुंद कड्या, दाखवलेल्या होत्या. पाझर अडवायला त्या काळी सगळे त्याच लावत. कॉलरच्या आजूबाजूची दबाई आणखी कठीण होते, हे पुढे लक्षात आलं. १९८० च्या दशकापासून कॉलरऐवजी पाइपभोवती वाळूच्या फिल्टरचा पडदा करण्याची पद्धत रुळली. मातीच्या धरणात पाणी सोडायची मोरी ही नेहमीचीच नाजूक जागा. पानशेतला १२ जुलै १९६१ ला जे झालं, त्याचीही सुरुवात मोरीवरचा भराव खचण्यापासून होती.

दुरुस्ती, की मोडून टाकणं

यापुढचा निर्णय तांत्रिक कमी आणि हिशेबाचा जास्त होता. भावांची पहिली भूमिका सरळ होती. भराव मधून कापून ओढा मोकळा करायचा. खाली आमचं काही राहिलं नाही, मग जबाबदारी आम्ही का वाहायची? त्यात मला गैर काही वाटलं नाही. खासगी तलावाच्या पाण्याने शेजाऱ्याचं नुकसान झालं तर काय, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीच्या तलावाचं पाणी जुन्या खाणींच्या विहिरींतून शेजारच्या कोळसा खाणीत शिरलं. त्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही, त्याला जबाबदार धरलं. नियम देशागणिक बदलले, पण धरण ज्याचं त्याच्याकडे बोट जातं, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे.

खालच्या लोकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. भराव काढला तर ओढ्याचा जुना पूर परत येणार आणि तो आता चाळीस घरांतून जाणार. धरण त्यांचं नाही, पण त्याच्याशिवाय ते राहू शकत नाहीत. पहिल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना तुमचं धरण, तुमचं धरण म्हटलं.

मध्यममार्ग म्हणून जुन्या पाइपमध्ये ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिक पाइप सरकवून मधली फट सिमेंटने भरायचं सुचवलं गेलं. स्वस्त, आठवड्यात होणारं. मी विरोध केला. त्याने पाइप बरा होतो, पाइपबाहेरची पोकळी तशीच राहते. शिवाय व्यास कमी झाला की मोरीची क्षमता घसरते, पाणी जास्त वेळ तुंबतं आणि लागोपाठ दुसरा पाऊस आला तर धरण अर्धं भरलेलंच त्याला भेटतं.

शेवटी पाइप पूर्ण काढून बदलायचं ठरलं, ते एका मोजणीमुळे. माथ्याची पातळी मोजली तेव्हा मध्यावर, ट्रॅक्टर जायच्या जागेवर, ३५ सेंटिमीटरची दबण निघाली. माथा साडेसात मीटर, असं आम्ही म्हणत होतो. प्रत्यक्षात धरणाची उंची म्हणजे त्याच्या सर्वांत खालच्या जागेची उंची, ७.१५ मीटर. सांडव्यावरून एक मीटर पाणी वाहिलं, म्हणजे सेकंदाला साधारण २० घनमीटर, तर माथ्यावर १५ सेंटिमीटर उरत होते. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर बैठकीतला आवाज खाली आला. धरण ठेवायचं तर नीट ठेवायचं किंवा काढायचं, मधलं काही नाही, हे दोन्ही बाजूंना पटलं. खर्चाचे चार वाटे झाले: एक भावांचा, दोन खालच्या घरांचे, एक रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांचा. बदल्यात भावांनी पाहणीसाठी कायमचा रस्ता लिहून दिला.

निष्पत्ती

कोरड्या दिवसांत भराव पाइपच्या रेषेत पूर्ण उघडला. चराच्या बाजू मुद्दाम तिरप्या ठेवल्या, उभ्या कापल्या नाहीत. उभ्या बाजूंच्या चरात नवी माती बसताना दोन्ही अंगांना टेकून राहते, खाली दाब पोचत नाही आणि पाण्याला चीर पाडायला जागा मिळते. ठेकेदाराला ही जास्तीची खुदाई पटत नव्हती. दोन दिवस त्यातच गेले.

नवा पाइप काँक्रीटचा, काँक्रीटच्याच बैठकीवर ठेवलेला, म्हणजे पोटाखाली दाबायला मातीच उरली नाही. बाहेरच्या टोकाकडच्या एक-तृतीयांश लांबीत त्याच्याभोवती वाळूचा पडदा, आणि त्याचं पाणी पायथ्याच्या चरात. कुंडीच्या खाचा फोडून काँक्रीटने बुजवल्या. तो घाव धाकट्याने स्वतः घातला, कुणी सांगितलं नव्हतं. सांडवा १२ चा २० मीटर केला. एक मीटर पाण्याला आता सेकंदाला ३४ घनमीटर जातं. माथ्याची दबण भरून वर थोडा जास्तीचा उंचवटा ठेवला, नवी माती पुढे खाली बसते म्हणून.

झाडांचं काम अर्धवट राहिलं. बाहेरच्या उतारावर चार मोठी झाडं होती. नुसती तोडली तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात. मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबून भरायचा असतो. तीन तशी काढली. चौथं पायथ्याजवळ, वडिलांनी लावलेलं. थोरले तयार झाले नाहीत. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

पुन्हा वेळ आली तर

फळ्या चढवल्या त्या दिवशी खालच्या लोकांना कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं कुणाला सुचण्याचं कारणही नव्हतं. आता कुंडीत खाचाच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पण माथ्यावरून पाइपलाइन न्यायची, उतारावर गोठा बांधायचा, असे प्रश्न येतीलच. त्यांच्यासाठी करारात एक ओळ घातली असती तर बरं झालं असतं. मी सुचवली नाही, कारण त्या बैठकीत करार होतो आहे याचाच आनंद मोठा होता.

घरं हलवण्याचा निर्णय माझ्यासारख्या फोनवरच्या माणसाकडे नसावा. आता कागदावर एवढंच लिहिलं आहे: पाइपबाहेरच्या पाण्यात गाळ दिसला की राखणदार थेट खाली फोन लावतो, मालकाला नंतर, सल्लागाराला शेवटी. वाळू आणि दोन मापांची खडी पायथ्याशी ढीग करून ठेवली आहे. तिच्यातली वाळू एकदा कुणीतरी प्लास्टरला नेली, ती परत भरली.

एका गोष्टीवर माझं मत अजून ठरत नाही. पूर रोखणारं कोरडं धरण खऱ्या अर्थाने तपासलं जातं ते पुराच्याच दिवशी. टीटन पहिल्यांदा भरत असतानाच गेलं. पाझराने फुटणाऱ्या धरणांत पहिल्या भरण्याचा आणि सुरुवातीच्या काही वर्षांचा वाटा मोठा आहे. कोरड्या धरणाचं प्रत्येक भरणं थोडंफार पहिल्यासारखंच असतं. मग मोरी मुद्दाम बंद करून, माणसं हलवून, एकदा चार मीटरपर्यंत भरून पाहावं का? मी तसं सुचवलं होतं, खालच्या लोकांनी नकार दिला. त्यांच्या जागी मीही कदाचित दिला असता.

दुरुस्तीनंतरच्या पावसात धरण चार मीटरपर्यंत भरलं. पायथ्याच्या चरावर आता पाझर मोजायला त्रिकोणी खाचेची पट्टी आहे. तिच्यावरचं पाणी ३ सेंटिमीटर होतं, म्हणजे सेकंदाला पाव लिटरहून कमी. धाकट्याने ग्लासाचा फोटो पाठवला, मागे टॉर्च धरून. पाणी नितळ होतं. मी तळाचा जवळून फोटो मागितला. त्याने लिहिलं, "पाच मिनिटं झालेली नाहीत अजून, थांबा."